थकबाकीदार गुडइयर

मोटारीतले मला फारसे कळत नाही. नोकरीत असताना बँकेच्याच कर्जावर एक वापरलेली प्रीमियर पद्मिनी घेतली होती. तिचे टायर गोटा झाले की रिट्रेड करून आणायचे आणि पुन्हा पळवायचे, एवढाच माझा टायरांशी संबंध. त्यामुळे टायर घ्यायचेत, मामा, जरा बरोबर चला, असा भाच्याचा फोन आला तेव्हा मला नवल वाटले. खरे कारण दुकानात कळले. चार टायरांचे साठ हजारांच्या घरात जाणार होते आणि सूनबाईंपुढे उभा करायला एक वडीलधारा साक्षीदार हवा होता.

भाच्याने २०१७ सालची ऑक्टाव्हिया आरएस घेतली आहे, वापरलेली. दिसायला चार माणसांची सभ्य गाडी, पण बॉनेटखाली २३० अश्वशक्ती. पहिल्या मालकाने ती चालवली कमी आणि पुसली जास्त. टायरांची नक्षी पाच मिलिमीटर शिल्लक होती. कायद्याला १.६ चालते. माझ्या हिशेबाने अजून दोन वर्षे निघाली असती. दुकानदार भला माणूस निघाला. त्याने बॅटरी घेऊन टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. म्हणजे टायर गाडीच्याच वयाचे. मग अंगठ्याने रबर दाबून बाजूच्या बारीक भेगा दाखवल्या, वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या. वापरले नाही तरी रबर म्हातारे होते, एवढेच तो म्हणाला.

पुढचा तासभर निवडीत गेला. मूळ टायर २२५/४५ आर १७, ९४ डब्ल्यू. यातले ९४ म्हणजे एका टायरने ६७० किलोंचा भार पेलावा आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंत तो टिकावा. सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी ताशी वीसचा वेग मिळाला तरी माणूस देवाचे आभार मानतो. तेव्हा २१० वर थांबणारा, स्वस्त, एच अक्षराचा टायर का नको, असे मी विचारले. दुकानदाराने मान हलवली. ते अक्षर नुसत्या वेगाचे नाही, टायर किती उष्णता सोसेल याचेही आहे. गाडी बनवणाऱ्याने नेमून दिलेल्या अक्षराखाली उतरू नये.

खरी अडचण पुढे होती. एक टायर मऊ रबराचा. तो रस्ता घट्ट धरतो, ओल्या रस्त्यावर लवकर थांबतो, पण लवकर झिजतो. दुसरा कडक. तो पुष्कळ चालतो, पण पावसात ब्रेक मारला की गाडी आणखी थोडी पुढे जाऊन थांबते. शिवाय परदेशात उन्हाळ्याचे टायर वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंशांच्या खाली आखडू लागते म्हणून तिकडे लोक वर्षातून दोनदा टायर बदलतात. भाचा पावसाळ्यात ताम्हिणीतून कोकणात जातो. मऊ की कडक, यावर तो आणि दुकानदार बोलत राहिले आणि माझे लक्ष भिंतीवरच्या कंपन्यांच्या नावांकडे गेले. त्यात एक नाव गुडइयर होते. कंपनी काढणारा हाच ना हो मामा, असे भाच्याने सहज विचारले. नाही. तो कंपनी काढणारा नव्हता. त्याने जन्मात टायर बनवला नाही, पाहिलाही नाही. पण मऊ की कडक या एका प्रश्नापायी त्याने आपले घर धुळीला मिळवले होते.

चार्ल्स गुडइयर २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन गावी जन्मला. वडील अमासा यांचा बटणे आणि शेतीची अवजारे बनवण्याचा उद्योग होता. मुलगा हार्डवेअरचा व्यापार शिकून वडिलांचा भागीदार झाला. १८२४ साली क्लॅरिसा बीचर हिच्याशी लग्न झाले आणि दोनच वर्षांत त्याने फिलाडेल्फियात दुकान थाटले. धंदा आधी बरा चालला. पण उधारी वाढली, येणे आले नाही, देणे थांबेना आणि १८३० च्या सुमारास दुकान बुडाले. त्या काळी अमेरिकेत कर्ज न फेडणाऱ्याला तुरुंगात टाकत. तिथून पुढची तीस वर्षे गुडइयर या तुरुंगांत आत-बाहेर करत राहिला. सरळ दिवाळे काढून मोकळे होण्याची वाट त्याला होती. त्याने ती धरली नाही. देणी फेडीन, असे म्हणत राहिला.

१८३४ साली न्यूयॉर्कमध्ये रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीच्या दुकानात त्याने हवा भरायचा एक जीवरक्षक पट्टा पाहिला. (या इंडियाचा आपल्याशी संबंध कोलंबसाच्या चुकीपुरता. माल दक्षिण अमेरिकेचा होता.) त्याने त्या पट्ट्याची सुधारलेली झडप बनवून नेली, तेव्हा तिथल्या माणसाने त्याला आतली गोष्ट सांगितली. झडप राहू दे, मूळ रबरच नासके आहे. लोकांनी हौसेने घेतलेले रबरी बूट आणि कोट उन्हाळ्यात वितळून, घाण वास मारत परत येत होते. तोच माल हिवाळ्यात लाकडासारखा कडक होई. रबराच्या धंद्यात लाखो डॉलर घातलेले लोक देशोधडीला लागले होते.

इथे एखादा शहाणा माणूस मागे फिरला असता. गुडइयर फिलाडेल्फियाला परतला, जुन्या देण्यापायी पुन्हा तुरुंगात गेला आणि कोठडीत बसून त्याने बायकोकडून कच्च्या रबराचा गोळा आणि लाटणे मागवले. रसायनशास्त्र त्याला येत नव्हते. ज्या हाताला जे लागेल ते तो रबरात मळून बघत होता. मॅग्नेशिया घातला, चुना घातला. प्रत्येक वेळी वाटे की जमले. मॅग्नेशियाचे शेकडो जोडे घरात बसून केले, उन्हाळा आला आणि जोड्यांचा लगदा झाला. शेजारी वासाला कंटाळले. तो स्वतः रबराचा कोट आणि रबराचे जोडे घालून हिंडे आणि लोक त्याची टिंगल करत.

नत्राम्लाने वरचा थर सुधारतो असे त्याला आढळले आणि त्यावर १८३७ साली पेटंटही मिळाले. भागीदार मिळाला, स्टॅटन आयलंडवर कारखाना सुरू झाला, तोच त्या वर्षीची प्रसिद्ध मंदी आली आणि भागीदारासकट सगळे बुडाले. पुढे सरकारकडून १५० टपालपिशव्यांची मागणी आली. पिशव्या तयार करून, मिरवून, टांगून ठेवल्या आणि काही आठवड्यांत त्या स्वतःच्याच भाराने ओघळल्या. आम्लाने कातडे सुधारले होते, आतले रबर तसेच होते.

मी एकतीस वर्षे बँकेत काढली, त्यातली बरीच कर्ज विभागात. त्यामुळे हे चरित्र वाचताना माझा हात आपोआप शेरा लिहायला शिवशिवतो. तांत्रिक शिक्षण नाही. धंदा एकदा बुडालेला. तारण नाही. प्रत्येक प्रस्तावात तेच आश्वासन. घेतलेल्या पैशाने माल केला, माल नासला. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी काय लिहिले असते ते मला ठाऊक आहे, कारण तसे मी एकदा लिहिलेले आहे. त्याच्याकडे नंतर येतो.

मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी गुडइयरला नॅथॅनिएल हेवर्ड हा माणूस भेटला. रबरात गंधक घालून उन्हात ठेवले की त्याचा चिकटपणा जातो, हे हेवर्डला सापडले होते. गुडइयरने त्याचा हक्क विकत घेतला. पैसे कुठून आणले हे विचारू नये. १८३९ च्या हिवाळ्यात गंधक मिसळलेल्या रबराचा एक तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. वितळायला हवा होता, तो कातड्यासारखा करपला. करपलेल्या भागाच्या कडेला एक पट्टी होती. ती ना वितळलेली, ना जळलेली. त्याने तो तुकडा रात्री दाराबाहेरच्या गोठवणाऱ्या थंडीत खिळ्याने ठोकून ठेवला. सकाळी तो तसाच लवचिक होता.

ही गोष्ट शाळेत अपघाताने लागलेला शोध म्हणून सांगतात. गुडइयरला ते मान्य नव्हते आणि मला त्याचेच पटते. ज्याने पाच वर्षे या एका गोष्टीपायी उपास काढले त्यालाच त्या करपलेल्या तुकड्याच्या कडेकडे बघावेसे वाटते. दुसऱ्या कुणी तो उचलून फेकला असता आणि शेगडी घासली असती.

त्या शेगडीवर काय झाले ते आज आपण सांगू शकतो, त्याला सांगता येत नव्हते. कच्च्या रबराचे रेणू शिजवलेल्या शेवयांसारखे लांबलचक आणि एकमेकांत गुंतलेले असतात, पण एकमेकांना बांधलेले नसतात. ऊब लागली की ते एकमेकांवरून सरकतात आणि माल ओघळतो. गंधक उष्णतेत या शेवयांना जागोजागी गाठी मारते. मग ताणले तरी ते परत जागेवर येतात. गाठी अतोनात मारल्या की रबर दगडासारखे होते. त्याला एबोनाइट म्हणतात. याचे पेटंट पुढे चार्ल्सच्या भावाने, नेल्सनने, १८५१ साली घेतले. मी हा लेख ज्या पेनाने लिहितो आहे ते एबोनाइटचे आहे. दुकानात भाचा आणि दुकानदार ज्याची घासाघीस करत होते तीही बऱ्याच अंशी या गाठींचीच. पुढे रबरात काजळी आली, अलीकडे सिलिका आली, तरी मूळ पाककृती गंधकाची आणि आचेचीच राहिली.

पण आच किती आणि किती वेळ, हे शोधायला गुडइयरची आणखी पाच वर्षे गेली. ती या माणसाच्या आयुष्यातली सर्वात वाईट वर्षे. क्लॅरिसाची भाकरी भाजून झाली की त्याच भट्टीत हा रबर भाजत बसे. घरातली भांडी गेली, मुलांची शाळेची पुस्तके गहाण पडली. मुले रानातून काटक्या आणत आणि शेजाऱ्यांच्या शेतातले न वाढलेले बटाटे खणून खात. १८४० साली पैशाच्या खटपटीसाठी तो बोस्टनला गेला. पैसे मिळाले नाहीत आणि हॉटेलच्या पाच डॉलरांच्या बिलापायी त्यालाच अटक झाली. सुटून घरी पोचला तेव्हा दोन वर्षांचा मुलगा अखेरच्या घटका मोजत होता. त्याच्या बारा मुलांपैकी सहा लहानपणीच गेली. त्या काळात बालमृत्यू सगळीकडेच होते हे खरे, पण या सहांच्या हिशेबात उपासमार धरायची नाही असे मला जमत नाही.

याच दिवसांत पॅरिसच्या एका पेढीने त्याची जुनी, आम्लाची पद्धत विकत घेण्याची तयारी दाखवली. घरात अन्न नव्हते. गुडइयरने नकार कळवला. आपल्याला याहून चांगली पद्धत सापडली आहे, ती सिद्ध झाली की तुमची खरेदी फुकट जाईल, हे कारण. मी थकबाकीदार पुष्कळ पाहिले. तारण दोन बँकांना लिहून देणारे पाहिले, यंत्राची बनावट बिले जोडणारे पाहिले. असा नाही पाहिला. अशा माणसाला कर्ज द्यावे की देऊ नये हे मी आजही ठामपणे सांगू शकणार नाही, पण त्याला बुडवा म्हणता येणार नाही हे नक्की.

शेवटी मेहुणा विल्यम डिफॉरेस्ट धावून आला. लोकरीचा कारखानदार. त्याने वेळोवेळी मिळून ४० हजार डॉलरांहून अधिक रक्कम दिली. वाफेच्या दाबाखाली, सुमारे १३२ अंशांवर, चार ते सहा तास, हे प्रमाण बसले आणि १५ जून १८४४ रोजी अमेरिकेचे ३६३३ क्रमांकाचे पेटंट त्याच्या नावे झाले.

इथे सिनेमा संपला असता. पण गुडइयरला पैसे मिळवता येत नव्हते, फक्त खर्च करता येत होते. हक्क त्याने मातीमोल भावाने वाटले. त्याचे नमुने इंग्लंडला गेले होते. तिथे थॉमस हॅन्कॉक या कारखानदाराने त्यावरचे गंधक हेरले, प्रयोग केले आणि गुडइयरच्या अर्जाच्या काही आठवडे आधी, नोव्हेंबर १८४३ मध्ये, इंग्लंडच्या पेटंटसाठी अर्ज केला. रोमन अग्निदेवतेच्या, व्हल्कनच्या, नावावरून या क्रियेला व्हल्कनायझेशन हे नाव सुचले तेही हॅन्कॉकच्याच एका मित्राला. इंग्लंडमधला दावा गुडइयर १८५५ साली हरला. अमेरिकेत मात्र १८५२ साली ट्रेंटनच्या कोर्टात तो जिंकला. होरेस डे या कारखानदाराविरुद्ध डॅनिएल वेब्स्टरसारखा मोठा वकील उभा होता. फी १५ हजार डॉलर. गुडइयरच्या हाती त्या शोधातून एकरकमी कधी एवढे आले असेल असे मला वाटत नाही. फी भरली ती त्याच्या परवान्यावर जोडे बनवणाऱ्या कारखानदारांनी.

१८५१ साली लंडनच्या प्रदर्शनात त्याने एक आख्खे दालन रबराचे उभारले. भिंती, खुर्च्या, टेबले, सगळे रबराचे. खर्च ३० हजार डॉलर. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ५० हजार. पैसे अर्थातच उसने. दरम्यान १८५३ साली क्लॅरिसा इंग्लंडमध्ये वारली. एकोणतीस वर्षांच्या संसारात तिला स्वस्थपणे बसता आले असेल अशी वर्षे मी मोजायचा प्रयत्न केला, ती एका हाताच्या बोटांत संपली. पुढच्या वर्षी गुडइयरने फॅनी वॉर्डेल हिच्याशी लग्न केले. पॅरिसला फ्रेंच पेटंट रद्द ठरले, मिळायचे पैसे थांबले आणि डिसेंबर १८५५ मध्ये सावकारांनी त्याला क्लिशीच्या कर्जदारांच्या तुरुंगात टाकले. तिसऱ्या नेपोलियनने त्याला दिलेला लीजन ऑफ ऑनरचा क्रॉस मुलाने कोठडीत नेऊन दिला.

१८६० साली, वॉशिंग्टनला असताना, न्यू हेवनची मुलगी अत्यवस्थ असल्याचे कळले. तो निघाला. न्यूयॉर्कला उतरला तेव्हा ती गेल्याची बातमी त्याला मिळाली आणि तो कोसळला. १ जुलै १८६० रोजी एका हॉटेलात त्याचा अंत झाला. डोक्यावर देणे होते सुमारे २ लाख डॉलर. डनलॉपचा हवेचा टायर यायला अजून २८ वर्षे होती. अॅक्रन गावी फ्रँक सायबरलिंगने टायरची कंपनी काढून तिला गुडइयरचे नाव दिले ते १८९८ साली. त्या कंपनीशी याचा किंवा याच्या वारसांचा कसलाही संबंध नव्हता. आपल्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतही या नावाचा कारखाना उभा राहिला. रॉयल्टीमुळे मागे राहिलेल्यांचे पुढे बरे चालले म्हणतात. धाकट्या चार्ल्सने बुटांच्या शिवणीचे यंत्र रुळवले. महागड्या बुटांवर आजही ते नाव असते.

आता मघाच्या अर्जाबद्दल. १९८९ साली मी सांगली जिल्ह्यात एका औद्योगिक वसाहतीजवळच्या शाखेत होतो. एक गृहस्थ पंपांना लागणारे रबरी बुश आणि वॉशर बनवत. छोटी शेड, एक जुना प्रेस. बाहेरचा माल दोन पावसाळ्यांत फुगतो, माझा फुगणार नाही, असे त्यांचे म्हणणे. मिश्रण अजून हवे तसे जमत नव्हते. चाचण्यांसाठी पंचेचाळीस हजार हवे होते. यंत्रासाठी कर्ज देता येते, चाचण्यांसाठी कुठल्या सदराखाली देणार? आधीचे एक खाते थकलेले, पत्नीचे दागिने दुसरीकडे गहाण. मी नामंजुरीचा शेरा लिहिला. त्यांनी वाद घातला नाही. टेबलावर नमुन्यांचा पुडा ठेवलेला होता, तो न्यायला विसरले. त्याला गंधकाचा वास येत होता, शिपायाने तो खिडकीत नेऊन ठेवला. दीड वर्षाने वसुलीच्या फेरीवर असताना शेडला कुलूप दिसले. प्रेस भंगारात गेला, असे शेजारच्या लेथवाल्याने सांगितले.

नियमाने मी बरोबर होतो. तेच कागद आज समोर आले तर शेरा तोच पडेल. त्या माणसाला मिश्रण सापडले असते की नाही, कुणास ठाऊक. गुडइयरला सापडले म्हणून आपण त्याचे चरित्र वाचतो. ज्यांना सापडले नाही त्यांची मुलेही उपाशीच होती. आणि डिफॉरेस्टने आपले पैसे मोजताना कोणता नियम लावला असेल, हे मी नोकरीभर शिकलो नाही.

भाच्याने अखेर मऊ टायर घेतले. गुडइयरचे नव्हे, दुसऱ्या एका कंपनीचे. ताम्हिणीतला पाऊस जिंकला. तारखेचे चार आकडे त्याने प्रत्येक टायरवर स्वतः वाकून वाचले. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग होईपर्यंत आम्ही बाकावर चहा घेतला. काढलेले टायर दुकानदाराने एका कोपऱ्यात रचले. बिल झाले तेव्हा भाच्याने फोन पुढे केला आणि सहा बिनव्याजी हप्ते करून टाकले. तारण नाही, जामीनदार नाही, काम काय म्हणून कुणी विचारले नाही. मंजुरीला साधारण अर्धा मिनिट लागला.